सूचना क्रमांक सतरा

"काका, दोनशे चौदा," कंपनीच्या मॅडम पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "तुमच्या या एका फाईलमध्ये दोनशे चौदा स्टाईल आहेत."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांसमोर कुणी कपाट उघडावं आणि आत कोंबलेले बोळे भसाभस खाली यावेत, तशी ती यादी पडद्याच्या उजव्या कडेला उघडली होती आणि संपता संपत नव्हती. माझ्या नाहीत हो सगळ्या, ते पुटपुटले. येतात आणि मुक्काम ठोकतात.

आता स्टाईल म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर काकांचं दुःख कळायचं नाही. लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मथळा मोठा करायचा तर दोन रस्ते असतात. एक म्हणजे अक्षरं निवडायची, जाड करायची, मोठी करायची, मोकळं व्हायचं. दुसरा म्हणजे त्या ओळीला नाव द्यायचं, की बाई तू मथळा, तू टीप, तू मूळ मजकूर. एकदा नाव दिलं की त्या नावाचं रूप एका जागी बदलायचं, हजार पानं आपोआप बदलतात. त्या नावाला म्हणायचं स्टाईल. जग पहिल्या रस्त्यानं जातं. काका आयुष्यभर दुसऱ्या रस्त्यानं गेले आणि वाटेत त्यांना फारसं कुणी भेटलं नाही.

ऑफिसात त्यांना स्टाईलकाका म्हणत. नाव कामावरून पडलं, असं सगळे तोंडावर सांगत. खरं म्हणजे ते पडलं होतं त्यांच्या दोन शर्टांवरून. एक राखाडी, आणि दुसराही राखाडीच, पण धुवून धुवून पांढऱ्याकडे झुकलेला. काकांना हे ठाऊक होतं. माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी कशाकशाचं वाईट वाटून घेणार?

ऑफिस होतं पाणी तपासणाऱ्या संस्थेचं. विहिरी, कूपनलिका, टाक्या, सगळीकडचं बाटलीभर पाणी यायचं, खालच्या मजल्यावर तपासलं जायचं आणि वर्षअखेरीस त्याचा जाडजूड अहवाल निघायचा. तो अहवाल मांडायचा काकांनी. अहवाल विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, त्यात दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि कधीच नीट न लागणारी खिडकी. दहा विभागांचे दहा साहेब आपापला मजकूर पाठवत आणि काका तो एका फाईलमध्ये चिकटवत. चिकटवला की त्याच्या मागोमाग त्याच्या स्टाईलही आत शिरत. 'मूळ मजकूर' ही काकांची. पण तिच्याखाली 'मूळ मजकूर १', 'मूळ मजकूर २', 'मूळ मजकूर नवा', 'मूळ मजकूर शेवटचा', 'मूळ मजकूर खरंच शेवटचा' अशी रांग लागायची. सगळ्या दिसायला एकसारख्या, एकीचंही वेगळं काम नाही. फुकट फौजदारी.

याच गर्दीला वैतागून काकांनी एकेचाळीस पानी प्रस्ताव लिहिला होता, 'स्टाईलच्या यादीत करावयाच्या सुधारणा'. त्यात सव्वीस सूचना. तो ते दर वर्षी सॉफ्टवेअर कंपनीला पाठवत आणि दर वर्षी उत्तर येई, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. अकरा वर्षं पालथ्या घड्यावर पाणी. बाराव्या वर्षी मात्र कंपनीतून चक्क फोन आला. सूचना क्रमांक सतरा आम्हाला पसंत पडली, नव्या आवृत्तीत घेतोय, आमच्या एक मॅडम चाचणीची प्रत घेऊन दोन दिवस तुमच्याकडे येतील, आणि आभाराच्या यादीत तुमचं नाव घालू. काकांनी संध्याकाळी बहिणीला फोन करून सगळं रंगवून सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ते असू दे, जेवलास का?

सूचना क्रमांक सतरा अशी होती: दिसायला तंतोतंत सारख्या असलेल्या स्टाईल सॉफ्टवेअरने स्वतःहून एकत्र कराव्यात. बस्स, इतकीच. काकांच्या सबंध नोकरीत जगानं मान्य केलेली ही एवढी एकच गोष्ट, आणि ती जगाच्या कारभारात कुठेतरी लागणार, या विचारानं गेला आठवडाभर ते जिने चढताना सुद्धा गुणगुणत होते.

चाचणीसाठी फाईलही तशीच तगडी होती. संस्था आपल्या बावीस वर्षांच्या अहवालांचा एक संकलित खंड छापणार होती. काकांनी बावीसच्या बावीस अहवाल एका फाईलमध्ये आणले होते, अकराशे पानं. मॅडमनी एक बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली. खालील त्रेचाळीस स्टाईल दिसायला सारख्या आहेत. एकत्र करायच्या? खाली 'हो' आणि 'नाही'.

"दाबा काका," मॅडम म्हणाल्या. "पहिला मान तुमचा."

काकांचं बोट 'हो'वर गेलंही. पण न वाचता कशालाच हो म्हणायचं नाही ही खोड जुनी, म्हणून त्यांनी वरून खाली यादी वाचायला घेतली. मूळ मजकूर, मूळ मजकूर १, मूळ मजकूर २. बेचाळीस नावं अशीच, एकाच घरातली. त्रेचाळिसावं होतं 'यांना दाखवायचं'.

मॅडमना हसू आलं. हे 'यांना' म्हणजे कोण, असं त्यांनी सहज विचारलं. असेल कुणाचं तरी, असं काहीतरी काका बोलले, आणि त्यांचे कान तापले. मग एकदम, खालचं जेवणघर दीडला बंद होतं, तुम्ही जेवून घ्या, माझं आज पोट जरा बरं नाही, असं सांगून त्यांनी मॅडमना जवळजवळ हाकललंच.

ते नाव कुणी दिलं हे काकांना विचारावं लागलं नाही. मुख्य साच्यात नवी स्टाईल करायची मुभा दोघांनाच होती. एक काका. दुसऱ्या तपासनीस बाई.

बाई एकोणीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसल्या. काकांनी मांडलेली पानं त्या तपासायच्या. नजर अशी की स्वल्पविरामामागे चुकून पडलेली मोकळी जागा त्यांना दारातून दिसे. बोलण्यातलं बोलण्यासारखं लिहायचं, 'करायचे' नाही 'करायचं', त्यावर टिंब द्यायचं, यावरून त्यांनी तीन संचालकांशी वाद घातला होता आणि तिन्ही वेळा जिंकल्या होत्या. साऱ्या ऑफिसात 'दाखवायचं'वर टिंब देणारं माणूस एकच होतं. तीन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या गावी भावाकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी विभागातर्फे काकांनीच एक पान वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर बाईंनी ते मागून घेतलं, लाल पेनानं एक वेलांटी सुधारली आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. सगळे हसले, काकाही हसले. त्यानंतर त्या जागेवर कुणी आलं नाही. आता तपासायला संगणकच आहे की, असं साहेब म्हणाले.

दोघंही बिनलग्नाचे. तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? अडलं असं काही नाही. काकांची आई अंथरुणाला खिळलेली, ती चौदा वर्षं. ती गेली तेव्हा काका सेहेचाळीस वर्षांचे होते आणि आता या वयात काय, असं त्यांनी स्वतःलाच परस्पर सांगून टाकलं. बाईंना विचारलं नाही. विचारायला म्हणून ते अनेकदा घसा खाकरत. बाई मान वर करून बघत. मग काका म्हणत, ते तेरावं पान झालं का?

आणि आता हे 'यांना'.

काकांनी डोकं धरलं आणि एकोणीस वर्षांचं बोलणं आठवायला लागले. बाई साहेबांना साहेब म्हणत, शिपायाला दादा म्हणत, हिशेबवाल्याला बुवा म्हणत. सगळी दुनिया काकांना स्टाईलकाका म्हणत असे, पण बाईंच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं. आडनावही नाही, काहीच नाही. कुणी कागद घेऊन आलं की बाई नुसती हनुवटी हलवून म्हणायच्या, यांना द्या. यांना विचारा. यांचं जेवण व्हायचंय अजून, मग या. आपल्याकडे बायका हा शब्द कुणासाठी ठेवतात ते शेंबड्या पोराला सुद्धा कळतं. फक्त काकांना कळलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, बाईंना आपलं नाव लक्षात राहत नाही.

त्यांनी त्या नावावर टिचकी मारली आणि ही स्टाईल कुठे कुठे आहे ते विचारलं. त्रेसष्ट ठिकाणी, असं उत्तर आलं.

युक्ती अशी होती. स्टाईलचं रूप हुबेहूब मूळ मजकुरासारखं, तेच अक्षर, तीच जाडी, तेच अंतर. कागदावर ओळखूच येऊ नये. नाव तेवढं वेगळं. ते दिसणार फक्त स्टाईलची यादी उघडून बघणाऱ्याला, आणि ऑफिसात ती यादी उघडणारा माणूस एकच होता. पण काका मांडणी करत, बाईंच्या दुरुस्त्या फाईलमध्ये उतरवत, मग बाई फाईलवर शेवटची नजर टाकत, आणि तिथून फाईल थेट छपाईला जाई. परत मागे वळून बघायचं कारणच नसे. उरली ती यादी. ती अक्षरांच्या क्रमानं लागलेली. काका रोज शंभरदा तिथे 'म'पर्यंत येत, मूळ मजकूर निवडत आणि थांबत. 'म'च्या पुढचंच अक्षर 'य'. पण मध्ये त्या एकेचाळीस उपटसुंभ मूळ मजकुरांची गर्दी, आणि तिच्या पलीकडे, पडद्याच्या खाली, दिसेनाशी झालेली ही एक ओळ. त्या गर्दीवर काकांनी एकेचाळीस पानं लिहिली होती. गर्दीच्या मागे कोण उभं आहे ते मात्र पाहिलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

ते एकेक परिच्छेद वाचू लागले. पहिला चौथ्या वर्षीच्या अहवालातला होता. "सदर विहिरीचे पाणी पिण्यास सर्वथा योग्य असून परिसरात वस्ती नसल्याने ते वापराविना आहे." दुसरा त्याच वर्षीचा. "पथक नियोजित वेळेआधी पोहोचले. संबंधित व्यक्ती उपस्थित नसल्याने सायंकाळपर्यंत वाट पाहण्यात आली." पुढच्या वर्षीचा एकच, पण नेमका. "पंप सुरू होण्यापूर्वी खाकरल्यासारखा आवाज येतो, परंतु पाणी येत नाही. कारण समजू शकले नाही."

या तिसऱ्यावर काका मोठ्यानं हसले. रिकाम्या खोलीत आपलंच हसणं त्यांना परकं वाटलं. साहेब लोकांच्या त्या भरड्या, सरकारी वाक्यांतून बाईंनी एकेक दाणा वेचून ठेवला होता, आणि वरून गंभीर चेहरा करून त्या लाल पेनानं वेलांट्या सुधारत बसल्या होत्या. त्यांना वाटलं असेल, आज ना उद्या यांच्या लक्षात येईल. दर अहवालाला वाटलं असेल. हसता हसता काकांचे डोळे भरले आणि त्यांनी ते शर्टाच्या बाहीनं पुसले. वीस-बावीस परिच्छेद झाले तेव्हा जिन्यात मॅडमच्या चपलांचा आवाज आला. उरलेले त्यांनी वाचले नाहीत. खरं सांगायचं तर धीर नव्हता.

आणि मग त्यांना पेन्सिलीचं ते प्रश्नचिन्ह आठवलं. प्रस्तावाचा पहिला खर्डा त्यांनी बाईंनाच तपासायला दिला होता. सव्वीस सूचनांत बाईंनी एकाच ठिकाणी खूण केली होती, सतरा क्रमांकापाशी, समासात बारीकसं प्रश्नचिन्ह. काय चुकलं म्हणून काकांनी विचारलं तर त्या म्हणाल्या होत्या, तुम्हीच बघा. काकांनी पाहिलं, शुद्धलेखन बरोबर होतं, म्हणून त्यांनी ते प्रश्नचिन्ह रबरानं खोडून टाकलं.

मॅडम खुर्चीत बसल्या तशी काकांनी घसा खाकरला, आणि या खेपेला पुढचं बोललेही.

"सूचना क्रमांक सतरा मला मागे घ्यायची आहे."

मॅडमना आधी चेष्टा वाटली. मग त्यांनी शांतपणे समजावलं की सहा माणसं आठ महिने हेच काम करतायत, आता ते थांबत नाही. काका म्हणाले, दिसायला सारख्या असल्या म्हणून काय झालं, नाव वेगळं असेल तर कुणीतरी काही कारणानं दिलं असेल ना. मॅडमनी बॅगेतून प्रस्ताव काढला, एकोणतिसावं पान उघडलं आणि वाचून दाखवलं. दिसण्यात फरक नसेल तर नुसत्या नावाला काय अर्थ? खाली काकांचीच सही.

"चुकलं माझं," काका म्हणाले.

निदान आधी विचारा तरी, अशी त्यांनी विनवणी केली. तर मॅडम म्हणाल्या, ही विचारणारी चौकट फक्त चाचणीपुरती आहे. बाजारात येईल ती आवृत्ती फाईल उघडतानाच गुपचूप एकत्र करून टाकेल, लोकांना प्रश्न विचारलेले आवडत नाहीत. काकांनी प्रस्ताव पुढ्यात ओढला आणि सतराव्या सूचनेखाली पेनानं लिहिलं, आधी विचारावे. मॅडम म्हणाल्या, सांगते मी वर. वर सांगणारे ज्या आवाजात सांगते म्हणतात त्याच आवाजात.

मग काकांनी विचारलं की फरक असला तर ती स्टाईल सुटते ना, आणि किती फरक लागतो? कितीही, मॅडम म्हणाल्या. माणसाच्या डोळ्याला दिसला नाही तरी चालेल, यंत्राला केसभर पुरतो.

मग काकांनी जे केलं ते त्यांच्या धंद्यातल्या माणसालाच सुचलं असतं. 'यांना दाखवायचं' उघडली. अक्षराचा रंग शंभर टक्के काळा होता, तो त्यांनी पंच्याण्णव केला. अकराशे पानांत विखुरलेले ते त्रेसष्ट परिच्छेद एका क्षणात किंचित फिके झाले, इतके किंचित की मॅडमनी पडद्याला नाक लावलं तरी त्यांना काही दिसेना. पण चौकटीतला आकडा त्रेचाळीसचा बेचाळीस झाला. काकांनी 'हो' दाबलं. मूळ मजकुरांची सारी जत्रा एका ओळीत मावली, यादी आवरली, आणि 'मूळ मजकूर'च्या लगेच खाली, हाताच्या अंतरावर, ती एक ओळ उरली. काका तिच्याकडे बघत राहिले. किती सोपं होतं.

मॅडमनी शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

"त्यांना खंड पाठवणार ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

काकांच्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

खंड महिन्याभरानं छापून आला. साहेबांनी तो हातात घेतला, वजन छान आहे म्हणाले आणि कपाटावर ठेवला. काकांनी एक प्रत मागून घेतली. सोबत चिठ्ठी लिहायची म्हणून ते तीन दिवस बसले. पहिली चिठ्ठी दीड पानी झाली. दुसरीत त्यांनी मी असं लिहून पुढे काहीच लिहिलं नाही. सातवी पाकिटात गेली, आणि तिच्यावर तेवढंच होतं जे ते एकोणीस वर्षं दर गठ्ठ्यावर लिहीत आले होते. तपासणीसाठी सादर.

टपालात टाकल्यावर मात्र जीव भांड्यात पडायच्या ऐवजी टांगणीला लागला. इतकी वर्षं त्यांना कशाचीच वाट नव्हती, आणि वाट नसली की एकटेपणाला चव नसते, तो नुसता असतो. आता त्याला चव आली. घरी गेल्यावर ते रेडिओवर बातम्या देणाऱ्याचे उच्चार मोठ्यानं सुधारत, आणि मध्येच थांबून दाराकडे कान देत, जणू टपाल घरी येणार होतं. दुकानात जाऊन त्यांनी एक निळा शर्ट घेतला. तो घालून आले त्या दिवशी स्टाईलकाकांना स्टाईल आली म्हणून खालच्या मजल्यापर्यंत बोभाटा झाला. काकांनी तोही हसून घेतला. खंडातले उरलेले परिच्छेद त्यांनी अजून वाचले नव्हते. बाईंचं उत्तर आल्यावर वाचायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि उत्तर आलंच नाही तर? फिकी अक्षरं बाईंना दिसलीच नाहीत तर? साठी उलटली होती त्यांची, डोळे ते डोळेच. आणि दिसून त्यांनी गप्प बसायचं ठरवलं तर? या शेवटच्या प्रश्नाशी आले की काका उठून उगाच पाणी पीत.

सहाव्या आठवड्यात पार्सल परत आलं. वरचा पत्ता बाईंच्या हातचा, सरळ रेघेत.

दुपार होती. सगळे खाली सभेला गेले होते. काकांनी दोरा न तोडता सोडवला. आत तोच खंड. त्यांनी तो उलटा धरून हलकेच झटकला, पण त्यातून चिठ्ठी पडली नाही. मग त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. बाईंनी अकराशे पानं वाचली होती. लाल पेनानं सत्तावीस चुका काढल्या होत्या, सगळ्या खऱ्या, आणि काकांना छापून झालेल्या पुस्तकासमोर बसून लाज वाटली.

आणि त्या परिच्छेदांपाशी वेगळंच होतं. पहिल्या विहिरीच्या परिच्छेदाला समासात लाल शाईत लिहिलं होतं, शाई फिकी? मग ते शब्द एका रेघेनं खोडले होते, परिच्छेदाखाली टिंबांची ओळ दिली होती आणि बाजूला लिहिलं होतं, राहू द्या. ही तपासनिसांची जुनी खूण. आपण केलेली दुरुस्ती मागे घ्यायची असली की खाली टिंबं द्यायची आणि लिहायचं, राहू द्या, म्हणजे आहे तसंच ठेवा. दुसऱ्या परिच्छेदाशीही तेच. तिसऱ्याशीही. काका पानं उलटत गेले. एकही फिका परिच्छेद बाईंच्या नजरेतून सुटला नव्हता. म्हणजे बाईंना कळलं होतं. सगळं कळलं होतं.

पण राहू द्या म्हणजे काय? छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला सांगितलं तर त्याचा अर्थ, जपून ठेवा, हात लावू नका. घरात कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ, जाऊ दे आता, कशाला. समोर माणूस असतं तर आवाजावरून कळलं असतं. कागदाला आवाज नसतो. बासष्ट वेळा राहू द्या वाचूनही काकांना ते कळेना.

त्रेसष्टावा परिच्छेद बाईंच्या शेवटच्या वर्षीच्या अहवालात होता. "दोन्ही कूपनलिकांमधील अंतर अवघे आठ फूट असून एकोणीस वर्षांच्या नोंदींत त्यांच्या पाण्याच्या पातळीचा परस्परसंबंध आढळून आला नाही." इथे राहू द्या नव्हतं. इथे बाईंनी 'आठ' खोडलं होतं आणि समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, सात.

चूक म्हटली की मूळ नोंद बघायची, ही शिस्त. काका खालच्या मजल्यावर गेले, त्या वर्षीची नोंदवही काढली, पान शोधलं. आठ फूटच होतं, मोजणाऱ्याच्या सहीनिशी. बाई आकड्यात चुकल्या होत्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. काका जिना चढून वर आले, दारात आले आणि तिथेच उभे राहिले. समोर खोली होती, आणि खोलीत दोन टेबलं.

कपाटात नमुन्याच्या बाटल्यांबरोबर मोजायचा टेप असे. त्यांनी त्याचं टोक बाईंच्या टेबलाच्या कडेला अडकवलं आणि मागे मागे सरकत आपल्या टेबलापर्यंत आणलं. चष्मा कपाळावर ढकलून वाकून पाहिलं. सात. त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. सातच, वर एक सूत नाही.

निवृत्त मंडळींच्या वहीत बाईंच्या भावाच्या घरचा नंबर होता. पलीकडे फोन बाईंनीच उचलला. नमस्कार, कशा आहात, यातलं काही काकांच्या तोंडून निघालं नाही.

"सात आहेत," ते म्हणाले.

मग बाई म्हणाल्या, "माहितीये मला. मी मोजलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी. तुम्ही जेवायला गेला होतात."

पहिल्या वर्षी बाई एकेचाळीस वर्षांच्या होत्या. आपण छत्तीस. काकांनी घसा खाकरला. पलीकडे बाई थांबल्या, नेहमीसारख्या, मान वर करून बघत असाव्यात तशा.

"ते तुम्ही लिहिलंय," काका म्हणाले, "राहू द्या. त्याचा अर्थ कुठला घ्यायचा?"

"अर्थ काय," बाई म्हणाल्या. "राहू द्या."

मागून कुणीतरी आत्या, गोळी घेतली का, असं विचारलं. आलेच, असं बाईंनी तिकडे सांगितलं. मग फोनमध्ये, जरा खालच्या आवाजात, "घसा बसलाय तुमचा. कोमट पाणी घेत जा." आणि फोन ठेवला.

खाली सभा संपली, जिन्यात माणसांचे आवाज आले आणि गेले. त्यांनी टेप गुंडाळून बाटल्यांशेजारी ठेवला. मग अकराशे पानांची फाईल उघडली. खंड छापून झाला होता, पुन्हा कुणी छापणार नव्हतं, पण बाईंची दुरुस्ती आली की ती फाईलमध्ये करायची, हे कधी चुकलं नव्हतं. सत्तावीस चुका त्यांनी क्रमानं सुधारल्या. शेवटी ते कूपनलिकांच्या परिच्छेदाशी आले. नोंदवहीप्रमाणे आठ बरोबर होतं. त्यांनी सात केलं.